झोपेतल्या मांजराचा श्वास

मांजराच्या हृदयाबाबत निव्वळ स्टेथोस्कोपवर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे डाव्या जवनिकेची भिंत जाड होत जाणं, हा मांजरांत सर्वाधिक आढळणारा हृदयरोग. साधारण 15 टक्के मांजरांत तो सापडतो. त्यातल्या कित्येकांच्या छातीत मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकूच येत नाही, आणि मर्मर ऐकू येणाऱ्या अनेक मांजरांचं हृदय धडधाकट निघतं. हृदय बिघडलेला कुत्रा खोकतो, फिरताना वाटेत थांबतो. मांजर मात्र जास्त झोपतं, आणि घरचे म्हणतात, वय झालं. म्हणून मला पालकांच्या डोळ्यांचा आधार मोठा वाटतो. मांजर गाढ झोपलेलं असताना त्याची कूस बघावी. एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. असं पूर्ण मिनिटभर मोजावं. ते गुरगुरत असेल किंवा स्वप्नात पंजे हलवत असेल, तर नंतर मोजावं. आकडा वारंवार 30च्या वर जात असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. याने माणसं उगाच धास्तावतील, असं काही सहकारी म्हणतात. पण नेहमीचा आकडा ठाऊक असलेला माणूसच कमी घाबरतो, कारण त्याच्याकडे तुलनेला काहीतरी असतं.

अर्थात, फुप्फुसात किंवा त्याभोवती पाणी साठू लागलं की मगच श्वास वाढतो. त्याआधीचा आजार एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतच दिसतो. तिथे भिंत 6 मिलिमीटर किंवा जास्त भरली, तरी आधी थायरॉईड आणि रक्तदाब तपासावा, कारण त्यांनीही ती जाड होते. जाडी थांबवणारं खात्रीचं औषध हाताशी नसताना निदान कशासाठी, हा आक्षेप वजनदार आहे. माझं उत्तर डाव्या कर्णिकेत आहे. ती फुगली की रक्त तिथे रेंगाळतं, गुठळी होते आणि महाधमनीला जिथे मागच्या पायांकडे फाटे फुटतात तिथे जाऊन अडकते. मांजर किंचाळतं, पाय ओढत चालतं, तळवे गार पडतात. कर्णिका मोठी दिसली तर क्लोपिडोग्रेल आधीच सुरू करता येतं; एकदा गुठळी होऊन गेलेल्या मांजरांत ते ॲस्पिरिनपेक्षा सरस ठरल्याचं 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. 75 मिलिग्रॅमच्या गोळीचा चतुर्थांश रोज एकदा पुरतो, पण तो इतका कडू की तोंडाला फेस येतो, म्हणून रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून द्यावा. निदान हाती असलं की शस्त्रक्रियेच्या वेळी सलाईनही हात राखून लावता येतं. शिवाय हृदयाचे काही आजार खरोखरच मागे हटतात: मांसातून मिळणाऱ्या टॉरिनच्या कमतरतेने पसरट, दुबळं झालेलं हृदय टॉरिन दिल्यावर सुधारतं, हे पशुवैद्य पॉल पिऑन यांनी 1987 साली दाखवलं. आपल्याकडे दूध-पोळीवर वाढलेल्या मांजरात हा विचार आधी करावा.

तोंड उघडून श्वास घेणारं मांजर आलं, तर मात्र त्याला एक्स-रेसाठी आडवं दाबून धरू नये. आधी ऑक्सिजन आणि पाणी उतरवणारं फ्युरोसेमाइड द्यावं, छातीत पाणी असेल तर सुईने काढावं. बाकीच्या तपासण्या ते सावरल्यावर.