नॉइसम

नॉइसम या इंग्रजी शब्दाचा आवाजाशी काडीचाही संबंध नाही. हे २०१० साली मला माहीत होतं आणि आमच्या सरांना माहीत नव्हतं. गोष्ट खरं तर एवढीच. पण ती डोक्यातून जात नाही.

बार्शीला दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पुण्यात इंजिनिअरिंग, आणि शेवटच्या वर्षी सगळे जीआरई देतात म्हणून मीही. अप्पा बळवंत चौकातून बॅरन्सचं जुनं पुस्तक घेतलं. त्यात साडेतीन हजार शब्दांची यादी. तेव्हा परीक्षेत विरुद्धार्थी शब्द थेट विचारायचे, त्यामुळे घोकंपट्टीला पर्याय नव्हता. (पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०११ मध्ये, ते प्रश्नच काढून टाकले. असो.)

कार्डं विकत घेण्याऐवजी मी घरून जुन्या लग्नपत्रिका मागवल्या. कोऱ्या बाजूचे चार तुकडे करायचे, वर शब्द, खाली अर्थ, अर्थावर अंगठा ठेवून आठवायचं. कार्ड उलटलं की ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. गठ्ठ्याला रबरबँड, गठ्ठा खिशात.

कोशातले मराठी अर्थ इतके संस्कृत असायचे की त्या अर्थाचा अर्थ शोधायला दुसरा कोश लागावा. मग मी आपले घरगुती अर्थ लिहायला लागलो. ऑब्सीक्विअस म्हणजे लाळघोट्या. पार्सिमोनिअस म्हणजे चिक्कू. गॅरुलस म्हणजे आमची धाकटी आत्या. रिकॅल्सिट्रंट म्हणजे अडेल. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं टाचेनं लाथ झाडणं आहे. लाथाळ म्हैस! तशी एक आमच्या गोठ्यात होतीच, त्यामुळे हा शब्द जन्मात विसरणार नाही.

आता नॉइसम. हा ‘नॉइज’मधून आलेला नाही, ‘अनॉय’च्या घरातला आहे. आधी अर्थ त्रासदायक, मग नाक दाबायला लावणारा, घाण वासाचा. एप्रिल-मेमध्ये लकडी पुलावरून चालत जाताना खाली मुठेचं जे काही उरलेलं असतं, त्यासाठी याहून नेमका शब्द नाही. म्हणून क्लासच्या सरावनिबंधात मी ‘नॉइसम रिव्हर’ लिहिलं आणि स्वतःवरच खूष झालो.

सरांनी तो शब्द लाल पेनानं खोडला. वर लिहिलं, ‘नॉइझी’. आणि वही हातात देऊन गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी ते वाक्य वर्गाला वाचून दाखवलं. “नदी आवाज करते, मान्य. पण स्पेलिंग तरी बघून लिहा.” पन्नास पोरं हसली. मी उभाच. पहिल्या बाकावरच्या, कॉन्व्हेंटमधून आलेल्या दोघांना तरी अर्थ माहीत असेल असं वाटलं. तेही हसत होते.

दुसऱ्या दिवशी मी जाडजूड डिक्शनरी घेऊन गेलो. पानात खूण म्हणून कार्डच घातलं होतं. स्टाफरूमच्या दारात उघडून पुढे धरली. सरांनी चष्माही लावला नाही. म्हणाले, “हे बघ, येत नाहीत ते शब्द कशाला वापरायचे? सोपं लिही.” येत नाहीत! मला येत होता म्हणून तर वापरला. त्यांनी पानाकडे नुसतं पाहिलं असतं, तरी आज हे लिहायला बसलो नसतो. लाल रेघेचं दुःख नाही. चूक कुणाचीही होते. पण मराठी माध्यमातलं पोरगं बरोबर असूच शकत नाही, हे त्यांनी पुस्तक न उघडता ठरवलं होतं, ते सलतं.

परीक्षा दिली, स्कोअर बरा आला, परदेशी जाणं पैशाअभावी राहिलं. नोकरी चाकणला लागली.

आणि आता माझंच मला हसू येतं, कारण सरांचा सल्ला चुकीचा नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणाच्याही तोंडून नॉइसम ऐकलेला नाही. एकदा मीच एका ईमेलमध्ये एनर्व्हेटिंग लिहिलं. त्याचा अर्थ गळून जायला लावणारं. साहेबांनी तो एनर्जी देणारं असा घेतला आणि “ग्रेट, कीप इट अप” असं उत्तर पाठवलं. तेव्हापासून मी टायरिंग लिहितो. भाचीलाही सांगतो, यादी पाठ करू नकोस, वर्तमानपत्र वाच, शब्द वाक्यात भेटू दे. ती ऐकते. मग रात्री तिला लाथाळ म्हशीची गोष्ट सांगून अजून दहा शब्द शिकवतो, ते वेगळं.

सर, हे कधी तुमच्या वाचनात आलं तर एक विनंती आहे. कुठलीही इंग्रजी डिक्शनरी घ्या आणि एन अक्षर काढा. ‘नॉइज’च्या पुढे फार शोधावं लागणार नाही.