साटेलोटे

2024 च्या चैत्रात आमच्या गावी एक साटेलोटे झाले. ना पत्रिका, ना वाजंत्री. आमचा शंभू सांगोल्याकडच्या एका गोठ्यात गेला आणि तिकडचा सर्जा आमच्या दावणीला आला. दोघेही वळू.

आण्णांचा फोन आला, “शंभूला द्यायचा ठरवलाय. बघायचा असला तर ये.” मी पुण्याहून आटपाडीची गाडी धरली, पण मनातून चिडलोच होतो. 2018 साली खरसुंडीच्या पौष यात्रेत आण्णांनी हा दोनदाती खोंड घेतला, तेव्हा मी शेजारी उभा होतो. व्यापाऱ्याने उपरण्याखाली बोटे दाबून सौदा केला होता. आमच्या सात खिलार गाईंचा संसार पुढे त्यानेच मांडला. वहिनींच्या हातची भाकरी तो लहान मुलासारखा खाई. त्याला आता घालवायचा?

“म्हातारा झाला का?” मी विचारले.

“न्हाई. अजून दोन-चार वर्सं काम करंल.”

“मग?”

आण्णांनी कोनाड्यातली वही काढली. कोणती गाय कधी फळली, कधी व्याली, सारे तारीखवार. “ही हरणी, ही चांदी. दोघी शंभूच्याच लेकी. आता माजावर यायला लागल्या.” मग त्यांचे बोट 2023 च्या एका नोंदीवर थांबले. थोरली लेक राधी रानात बापापासूनच फळली होती. वासरू काडीसारखे झाले, चौथ्या दिवशी गेले.

“त्यामुळंच गेलं आसं न्हाई म्हणत मी. पर तवाच बदलाय पायजे हुता. जीव हुईना.”

मी गप्प झालो. आम्ही शहरातली माणसे लग्न जुळवताना गोत्र विचारतो. आण्णा गाईंचे विचारत होते, एवढेच. बाप आणि लेक एकाच रक्ताची. रक्तात दबून राहिलेला दोष दोन्हीकडून आला, की वासरात उघडा पडतो. वाण हळूहळू खुजे, अशक्त होते.

“दवाखान्यातून रेतन करून घ्या की,” मी शहाणपण सुचवले.

“माज टिकतो जेमतेम बारा-अठरा तास. त्यो रानात, रातचा आला तर कुणाला कळायचा? वळूला कळतो.”

नको असलेल्या वळूचे करायचे काय, हाही प्रश्नच होता. 2015 पासून राज्यात बैल आणि वळू कापायला कायद्याने बंदी आहे. आण्णांनी तसाही तो विचार केला नसता. म्हणून ही अदलाबदल. त्यासाठी ते दोनदा सांगोल्याला जाऊन आले, सर्जापेक्षा त्याची आईच जास्त पाहून आले. गाभ पाडणारा रोग गोठ्यात शिरू नये म्हणून डॉक्टरांकडून त्याचे रक्तही तपासून घेतले.

शंभू टेम्पोत चढताना वहिनींनी त्याच्या कपाळाला कुंकू लावले, भाकरी भरवली आणि पदर तोंडाला लावून त्या आत निघून गेल्या. आण्णा वेसण धरून उभे होते. टेम्पो वळणाआड गेला तरी त्यांचा हात तसाच अधांतरी होता.

2025 च्या माघात पुन्हा फोन आला. “हरणी व्याली. कालवड झाली, चांगली ठणठणीत.”

“सर्जासारखी आहे का?”

आण्णा थोडे थांबले. मग हसले.

“न्हाई रं. आज्यावर गेलीया.”