सासूबाईंच्या नावाचा सट्टा

"काकू, पत्त्यांचा क्लब कधी काढला?" ऐन जेवणाच्या गर्दीत एका गुरुजींनी विचारलं तेव्हा मला वाटलं, थट्टा करताहेत. शाळेच्या कार्यक्रमासाठी ताटं सांगायची होती, म्हणून त्यांनी आमच्या पाटीवरचा वेबसाइटचा पत्ता मोबाइलमध्ये टाकला होता. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. रमीचे पत्ते, क्रिकेटच्या मॅचवर पैसे लावा, पहिल्या भरण्यावर बोनस, आणि वर पत्त्याच्या जागी आमच्या भोजनालयाचं नाव. ते नाव सासूबाईंचं आहे. ज्या बाईनं आयुष्यात पावशेर साखर उधार आणली नाही, तिच्या नावानं सट्टा.

मारेगावात, वणी-यवतमाळ रोडवर आमचं भोजनालय आहे. ज्वारीची भाकर, झुणका, पातोडीची रस्साभाजी, वांग्याचं भरीत, हिवाळ्यात सांबारवडी. कोळशाच्या ट्रकचे ड्रायव्हर, जिनिंगवर कापूस घेऊन आलेले शेतकरी, चंद्रपूरहून वणीमार्गे यवतमाळला निघालेल्या गाड्या, एवढंच आमचं गिऱ्हाईक. याला वेबसाइट कशाला, असं मीच म्हणत होते. पण नकाशावर दुकान दाखवणाऱ्या कंपनीनं एक फुकटचं पान दिलं होतं आणि मुलीनं त्यावर फोटो, फोन नंबर, वेळ टाकून ठेवली होती. मार्च 2024 मध्ये त्या कंपनीनं जगभरातली ती फुकटची पानं बंद केली. त्याच सुमारास खाणीवरच्या एका ठेकेदारानं मजुरांच्या डब्यांचं काम देण्याआधी विचारलं, "तुमची साइट आहे का? मेनू आणि अन्न परवान्याचा नंबर वर पाठवायचा आहे." मग वाटलं, असू द्यावी.

मुलीनं नागपूरहून तीन रस्ते सांगितले. घरपोच जेवण देणाऱ्या ॲपवर जायचं, तर प्रत्येक ताटामागे कमिशन, आणि गिऱ्हाइकाचा नंबरसुद्धा आपल्याला मिळत नाही. हॉटेलवाल्यांच्या तक्रारीवरून 2022 मध्ये स्पर्धा आयोगानं अशा दोन मोठ्या ॲपांची चौकशी लावली होती, ती काही उगाच नाही. दुसरं, तयार साचे भाड्यानं देणाऱ्या कंपन्या. भाडं थांबलं की पान गेलं. तिसरं, वर्डप्रेस. ते फुकट आहे, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात म्हणे, पण जागा भाड्यानं घ्यावी लागते आणि डागडुजी आपली आपण करावी लागते. आम्ही तिसरं घेतलं, कारण ते करून देणारा पोरगा गावातलाच होता.

पोरगा गोड बोलायचा. साइटवर आधी त्यानं उंच टोपी घातलेला गोरा आचारी आणि पास्त्याची बशी लावली होती, ती मी काढायला लावली. तरी काम वाईट नव्हतं. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "साइटचं नाव कोणाच्या नावावर घेतलं रे?" तो म्हणाला, "तुमच्याच काकू. टेन्शन कायले घेता? मी हावो ना." बिलावर "डोमेन चार्जेस" असं वेगळं लिहिलेलं आहे, ते बिल माझ्याकडे आहे. पैसे माझे, नाव सासूबाईंचं, पाटी आमची. आणि नोंद होती त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, त्याच्या मोबाइलवर.

मुलीनं पासवर्ड मागितला तेव्हा हे उघड झालं. आज देतो, उद्या देतो करत शेवटी त्यानं "ट्रान्सफर चार्जेस" आठ हजार सांगितले. डॉटकॉमचं नाव वर्षाला हजार-बाराशे रुपयांत मिळतं. एका कंपनीकडून दुसरीकडे न्यायचं तर एक गुप्त कोड लागतो, तो खातेदाराला मागताक्षणी फुकट मिळतो. म्हणजे आठ हजार कशाचे, तर तो कोड मला वाचून दाखवण्याचे. मी म्हटलं, माझ्या पैशानं घेतलेली वस्तू मला परत द्यायचे पैसे? त्यावर तो हसला. मग त्याला हैदराबादेत नोकरी लागली, नंबर बदलला.

त्या नावाची मुदत संपली तेव्हा आम्हाला कळायला मार्गच नव्हता, कारण सूचना त्याच्या ईमेलवर जात होत्या. हे मी इतकं सविस्तर सांगते कारण हा व्यवहार कसा चालतो ते आपल्याकडे कोणी सांगत नाही. डॉटकॉमची मुदत संपली की काही आठवडे जुन्या दरात ते परत घेता येतं. मग तीस दिवस दंड भरून सोडवता येतं. त्यानंतर पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि सहाव्या दिवशी ते उघड्यावर येतं. अशी सुटलेली नावं झेलायला यंत्रं लावून बसलेल्या कंपन्या आहेत. जुन्या नावाला गूगलवर थोडी पत असते, ती सट्टेवाल्यांना हवी असते. कोणी घेतलं ते पाहायला गेलो, तर मालकाची माहिती झाकलेली. युरोपातल्या खासगीपणाच्या कायद्यामुळे 2018 पासून अशी झाकतात. म्हणजे माझ्या सासूबाईंचं नाव चव्हाट्यावर आणि सट्टेवाल्याचं पडद्यात.

वणीच्या वकीलसाहेबांनी दोन दारं दाखवली. डॉटकॉमच्या भांडणाची तक्रार जिनिव्हाच्या बौद्धिक संपदा संघटनेकडे करता येते, फी 1,500 डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या वर. एवढी भाजी-भाकर विकायला मला किती दिवस लागतील? शिवाय त्या नावावर आपला ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो. भोजनालयासाठी तो 43 व्या वर्गात घेतात, छोट्या धंद्याला ऑनलाइन अर्जाची फी 4,500 रुपये. आधी कोणी सांगितलं असतं तर पाटी रंगवतानाच केला असता. दुसरं दार पोराविरुद्ध, यवतमाळच्या ग्राहक आयोगाचं. मी म्हटलं, धंदेवाल्याला कोण ग्राहक म्हणतं? ते म्हणाले, 2019 च्या कायद्यात, स्वतः राबून पोट भरणाऱ्याला म्हणतात, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ऑगस्ट 2025 मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, तेव्हा मला उगाच आशा वाटली होती. ते पान कुठल्या देशातून चालतं कोण जाणे, अजून चालू आहे.

नवी साइट मुलीनं केली. एकच पान, मराठीत. माझं मत विचाराल तर लहान भोजनालयाला याहून जास्त लागत नाही. फोन नंबर असा, की बोट लावलं की लागावा. भाव अक्षरात लिहिलेले, पीडीएफ नको, ट्रकमध्ये बसलेला माणूस पीडीएफ उघडत नाही. फोटो हलके, कारण खाणीकडे रेंज जेमतेम. डॉट भारत घ्यायचा माझा हट्ट होता, 2014 पासून देवनागरीत पत्ता मिळतो. पण व्हॉट्सॲपवर पाठवला की कधी कधी तो एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन दिसतो. तरी घेतला, जोडीला डॉटकॉमही नावापुढे गाव लावून घेतलं. माझ्या ईमेलवर, माझ्या मोबाइलवर, एकदम दहा वर्षांचे पैसे भरून. त्याहून जास्त एका वेळी भरता येत नाहीत, नाहीतर भरले असते.

आणि गंमत म्हणजे, साइटमुळे एखादं ताट जास्त गेलं असं मला अजून दिसलेलं नाही. ठेकेदाराचे डबे मिळाले खरे, पण तो म्हणतो, भरीत खाऊन दिले. ऑर्डरी येतात त्या व्हॉट्सॲपवर, नाहीतर ओट्यावर उभं राहून. मग एवढी चीड कशाची, असं हे विचारतात. नीट उत्तर देता येत नाही. घरात न वापरलेलं भांडंही कोणी उचलून नेलं तर आपण गप्प बसतो का? पण रोज आठवण काढून जळतोही असं नाही, आणि मी जळते.

त्या पोराच्या बहिणीचं लग्न ठरलंय. त्याची आई परवा दुकानात आली, जेवण तुमच्याचकडे म्हणाली. डाळ-भाजी, वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. तिला यातलं काही ठाऊक नाही, आणि मी सांगितलं नाही. आयोगाकडे द्यायची तक्रार लिहून तयार आहे, ती गल्ल्याखालीच होती. मी ऑर्डर घेतली. गावातल्या लग्नाला आम्ही भाव कमी करतो, इथं केला नाही, आणि पूर्ण रक्कम आधी मागितली. ती बिचारी काही न बोलता मोजून देऊन गेली. यांना ते आवडलं नाही, दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मी त्यांनाही पावती दाखवली, वर आठ हजार धरले आहेत का ते तपासा म्हटलं. नाही धरले.