मॉन्टिकियारीचे क्रीडागृह

उत्तर इटलीतील ब्रेशिया शहरापासून आग्नेयेस सुमारे वीस किलोमीटरवर मॉन्टिकियारी हे गाव आहे. टेकडीवर किल्ला, जवळच चर्चचा भव्य घुमट, शेजारून वाहणारी किएसे नदी आणि भोवती मक्याची शेते व गाईंचे गोठे, असा हा परिसर. कृषी व पशुधनाच्या प्रदर्शनासाठी हे गाव पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात पो नदीच्या खोऱ्यातून धुके चढते आणि भर दुपारी दिवे लावावे लागतात. या गावात हजारो प्रेक्षक सामावणारे एक क्रीडागृह आहे. त्याचे नाव ‘पालाजॉर्ज’. हे नाव कोणा इटालियन पुढाऱ्याचे वा दानशूर उद्योगपतीचे नाही; केरळमधील पेरावूर गावच्या जिमी जॉर्ज या व्हॉलीबॉलपटूचे आहे.

जिमी जॉर्ज यांचा जन्म १९५५ चा. कन्नूर जिल्ह्यातील या घरात आठही भाऊ व्हॉलीबॉल खेळणारे. केरळात हा खेळ तेव्हा उघड्या मैदानात, मातीवर, सायंकाळी खेळला जाई. एकविसाव्या वर्षी, १९७६ मध्ये, त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. केरळ पोलीस दलात नोकरी होती. सामान्य घरातील तरुणाला याहून अधिक स्थैर्य कोणते हवे असते? परंतु ते प्रथम अबुधाबीच्या क्लबकडून खेळले आणि १९८२ मध्ये इटलीस गेले. व्हेनिसजवळच्या त्रेविझो शहरातील संघाने त्यांना करारबद्ध केले. इटलीत व्यावसायिक व्हॉलीबॉल खेळणारे ते पहिले भारतीय होत.

इटलीतील या खेळाची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. तेथील अनेक संघ राजधानीत नव्हे, तर मध्यम आकाराच्या व्यापारी शहरांत वाढले. मोदेना येथील संघ पानिनी या मुद्रण-व्यवसायातील कुटुंबाने उभारला. पार्माच्या संघाने ‘सांताल’ या फळांच्या रसाचे नाव धारण केले. संघाच्या नावापुढे गावच्या उद्योगाचे नाव लागते. उद्योग बदलला की नावही बदलते; गाव मात्र तेच राहते. खेळाडूशी करार मोजक्या हंगामांचा असतो आणि परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते. त्यामुळे बाहेरून आलेल्या खेळाडूने स्थानिकाइतके खेळून भागत नाही. अधिक देता येत नसेल, तर त्याला घेण्याचे कारण उरत नाही.

नवख्याला परक्या देशात आधार असतो तो एकाच गोष्टीचा. मैदान अठरा मीटर लांब व नऊ मीटर रुंद, जाळे दोन मीटर त्रेचाळीस सेंटिमीटर उंच. हे माप पेरावूरला जे, तेच त्रेविझोला. रेषेबाहेरचे सारे मात्र नवे असते. मोकळ्या आकाशाखाली चेंडूची उंची जोखणाऱ्या डोळ्यांना छताच्या दिव्यांची सवय करावी लागते. मातीऐवजी लाकडी जमीन येते आणि उडी मारणाऱ्या गुडघ्यांना तिचा स्वभाव शिकावा लागतो. भाषा येत नसली, तरी एक शब्द पहिल्याच दिवशी शिकावा लागतो : ‘मिया’, म्हणजे ‘माझा’. दोघांच्या मधे पडणारा चेंडू घ्यायचा तर हे वेळेवर ओरडावेच लागते. गप्प राहिलेला खेळाडू कितीही गुणी असला, तरी त्याच्या पायाशी चेंडू पडतो. त्या काळी सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच गुण मिळत असे. त्यामुळे सामने लांबत आणि कौशल्याइतकीच चिकाटीची कसोटी लागे.

जिमी जॉर्ज या कसोटीस उतरले. उडी घेतल्यावर क्षणभर हवेत थांबून स्मॅश मारणारा हा भारतीय इटलीच्या प्रेक्षकांना आवडू लागला. परदेशी करार त्यांना देशापासून दूर करू शकला नाही. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत जपानला हरवून कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात ते होते. त्यानंतर ते इटलीत परतले. मॉन्टिकियारीचा संघ हा त्यांचा अखेरचा संघ ठरला. ३० नोव्हेंबर १९८७ रोजी इटलीतच मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. पुढे दोनच वर्षांनी इटलीने युरोपचे विजेतेपद आणि १९९० मध्ये जगज्जेतेपद मिळविले. तो सुवर्णकाळ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

तिरुवनंतपुरमलाही त्यांच्या नावाचे क्रीडागृह आहे. ते स्वाभाविकच; आपल्या माणसाची आठवण आपण ठेवतोच. परंतु मॉन्टिकियारीने ती ठेवावी, यातील अर्थ वेगळा आहे. परमुलखात पेढी थाटणाऱ्या कुटुंबांना तो सहज कळेल. परक्या गावी माणूस उतरतो तेव्हा त्याच्या वाडवडिलांची पत तेथे कोणी जाणत नाही. खाते कोऱ्या पानापासून उघडते आणि रोजच्या व्यवहारानेच भरते. कराराचे पैसे क्लबने दिले व खेळाडूने ते आपल्या खेळाने फेडले. तो हिशेब तेथेच पूर्ण झाला होता. क्रीडागृहाला दिलेले नाव त्या हिशेबात कोठेच बसत नाही. ते गावाने आपण होऊन दिले.

त्या क्रीडागृहात पुढे अनेक वर्षे इटलीच्या सर्वोच्च श्रेणीतील सामने झाले. ब्रेशियाच्या परिसरात आज भारतीय, विशेषतः पंजाबी, कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांतील अनेक जण गोठ्यांत व शेतांत राबतात. धुक्याच्या सकाळी कामावर निघालेल्या एखाद्याच्या वाटेत ते क्रीडागृह येतही असेल, आणि त्यावरील नाव वाचून तो क्षणभर थांबतही असेल.