'इतर' नावाचं बटण

इंटर्नशिपचं नाव काढलं की होस्टेलवर दोनच प्रश्न येतात. स्टायपेंड किती? आणि ऑफिस एसी आहे का? माझी दोन्ही उत्तरं ऐकून रूममेटने जो चेहरा केला, तो एरवी रविवारची फीस्ट रद्द झाल्याची नोटीस वाचतानाच बघायला मिळतो. कॉम्प्युटरच्या मुलीने हिंजवडी सोडून भोसरी एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये सहा आठवडे काढायचे? आणि सुट्टीसुद्धा रविवारी नाही, गुरुवारी! (तिकडे बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तेव्हा मैत्रिणींबरोबर सिनेमा वगैरे विसरायचं.) पण इतकी सबमिशन्स आणि व्हायव्हा देऊनही डेटाबेसबद्दल जे कळलं नव्हतं, ते मला तिथे एका बटणाने शिकवलं. त्या बटणाची ही गोष्ट.

कंपनी गाड्यांचे शाफ्ट आणि फ्लँज बनवते. शॉपमध्ये सीएनसी लेथ ओळीने उभे. प्रत्येक मशीनच्या डोक्यावर हिरवा, पिवळा, लाल असा दिव्यांचा खांब. हिरवा म्हणजे काम चालू, पिवळा म्हणजे थांबलंय, लाल म्हणजे बिघाड. या दिव्यांचे सिग्नल एक छोटासा डबा वाचतो आणि सर्व्हरला पाठवतो. मशीन पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबलं, की शेजारचा टचस्क्रीन ऑपरेटरला विचारतो, का थांबलं? खाली बावीस कारणांची बावीस बटणं. ऑपरेटरने त्यातलं एक दाबायचं. महिनाअखेरीला रिपोर्ट निघतो, की कुठल्या कारणाने किती वेळ वाया गेला.

कल्पना झकास होती. अडचण एकच. वाया गेलेल्या वेळातला निम्म्याहून जास्त वेळ एकाच कारणाखाली जमा होत होता आणि ते कारण होतं 'अदर्स'. म्हणजे इतर. माझ्या प्रोजेक्टचं इंग्रजी नाव चांगलं दीड ओळीचं, भारदस्त होतं; पण मराठीत अर्थ एवढाच, की 'इतर' कमी करा.

आता थोडं गणित. मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, 'इतर' लोकांसाठी सांगते. कारखान्यात मशीनला मार्क देतात ते ओईई या आकड्याने. जपानच्या सेइची नाकाजिमा यांनी टीपीएम या पद्धतीबरोबर तो जगभर पोचवला. समजा, आठ तासांची पाळी आहे, म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३० वजा केली, राहिली ४५०. त्यात मशीन ९० मिनिटं थांबलं, म्हणजे चाललं ३६०. झाले ८० टक्के. एका जॉबला २ मिनिटं लागतात, तर १८० जॉब व्हायला हवे होते, झाले १६२. म्हणजे ९० टक्के. त्यातले ९ रिजेक्ट, चांगले १५३, म्हणजे साधारण ९४ टक्के. तिन्हींचा गुणाकार केला की येतात ६८ टक्के. ६८ टक्क्यांना आपण होस्टेलवर पेढे वाटतो, नाकाजिमांना मात्र ८५ च्या वर लागतात! हे मार्क वाढवायचे तर आधी ती ९० मिनिटं कुठे गेली ते कळायला हवं. आणि तिथेच रिपोर्ट म्हणणार, 'इतर'.

"लोकांना इंग्रजी कळत नाही, म्हणून दिसेल ते बटण दाबतात," माझे गाइड म्हणाले, "तू सगळी यादी मराठीत करून टाक." हे काम माझ्याकडे यावं यासारखा विनोद नाही. मी कॉन्व्हेंटची. एकोणसाठ म्हणजे नक्की किती, हे मला आजही मनातल्या मनात इंग्रजीत मोजून बघावं लागतं. मराठीचा पेपर संपला त्या दिवशी मी आणि मराठी, दोघींनीही सुटकेचा निःश्वास सोडला होता. म्हणून मी सरांना विचारलं, की यादीला हात लावण्याआधी एक आठवडा शॉपमध्ये बसू का? शब्द तरी गोळा होतील. ते हो म्हणाले.

माझ्या मापाचे सेफ्टी शूज स्टोअरमध्ये नव्हतेच. एक साइज मोठ्या बुटांत दोन-दोन मोजे घालून, कानात इअरप्लग कोंबून मी एका लेथशेजारी स्टूल टाकलं. पहिले दोन दिवस सगळे मला 'मॅडम' म्हणत आणि मी जवळ आले की बोलणं थांबवत. ऑडिटला आलेली बाई समजत असावेत. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्या लेथवरच्या काकांनी विचारलं, "दोन सूत म्हणजे किती, माहीत आहे का?" मी नाही म्हटलं. "इंचाचे आठ भाग करायचे. एक भाग म्हणजे एक सूत. मग दोन सूत किती?" मी म्हटलं, पाव इंच. "पास!" त्या दिवसापासून मी 'ताई' झाले. मग पावणेतीन, सव्वातीन, अडीच हे सगळं पुन्हा शिकले, कारण शॉपमध्ये कोणीच टू फॉर्टी-फाइव्ह म्हणत नाही. मशीनचा आवाज जरा बदलला की काका म्हणत, "इन्सर्ट गेला बघ." उघडून बघावं तर इन्सर्टची धार खरंच गेलेली. माझ्या कानाला दोन्ही आवाज सारखेच!

शेवटी मी विचारायचं ते विचारलं. "काका, बटणांची नावं इंग्रजीत आहेत म्हणून 'अदर्स' दाबता का?"

काकांनी मशीनच्या पॅनेलकडे बोट केलं. सगळा पॅनेल इंग्रजीत. अलार्म इंग्रजीत, ऑफसेटचं पान इंग्रजीत. "हे रोज वाचतो की. प्रोग्रामसुद्धा मीच एडिट करतो. तुझ्या बावीस बटणांना काय घाबरायचंय?"

"मग?"

"आता तूच सांग, मी काय दाबू ते." त्यांचं मशीन तेव्हा थांबलेलंच होतं. इन्सर्ट तुटला होता. नवीन इन्सर्ट स्टोअरमधून आणायचा तर चिठ्ठीवर सुपरवायझरची सही लागते आणि सुपरवायझर मीटिंगमध्ये. "'टूल चेंज' दाबलं, तर त्याला दहा मिनिटं मंजूर आहेत. वरचा वेळ माझ्या नावावर. 'टूल नॉट अवेलेबल' दाबलं, तर स्टोअरवाल्याला विचारणार, की माल असताना दिला का नाहीस? तो रोज माझ्या शेजारी डबा उघडतो. 'ऑपरेटर डिले' असं मी माझ्याच बोटाने दाबू? आणि 'सुपरवायझर मीटिंगमध्ये' असं बटण तुमच्या यादीत नाही." मग हसून म्हणाले, "'इतर' दाबलं की कोणाच्या पोटावर पाय येत नाही."

पलीकडच्या मशीनवर माझ्याच वयाचा एक मुलगा होता, कंत्राटी. त्यालाही मी हाच प्रश्न विचारला. त्याने आधी काकांकडे पाहिलं, मग खाली. "मी पण तेच दाबतो," एवढंच बोलला. काकांची नोकरी पर्मनंट, ते मोकळेपणाने बोलू शकत होते. याचं कंत्राट दर काही महिन्यांनी नव्याने होणार. त्याच्या खाली पाहण्याचा अर्थ मला त्या रात्री होस्टेलवर अंथरुणात पडल्यावर लागला.

मग मी ती बावीस कारणं पुन्हा वाचली. ऑपरेटर डिले, सेटर नॉट अवेलेबल, स्टोअर डिले, क्यूसी डिले... यादी ऑफिसात बसून केलेली, आणि ऑफिसात पहिला प्रश्न असतो, कोणामुळे? म्हणून बहुतेक प्रत्येक बटणावर कोणीतरी माणूस होता. मशीनशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या मनात मात्र वेगळीच गोष्ट असते. तो कशाची तरी वाट बघत असतो. ही यादी जशीच्या तशी मराठीत केली असती, तर 'अदर्स' जाऊन 'इतर' आलं असतं, बाकी काही नाही.

त्याच सुमारास इलेक्ट्रिकलच्या मैत्रिणीचं पीएलसीचं पुस्तक हाती लागलं आणि त्यात एक गंमत सापडली. १९६८ मध्ये जनरल मोटर्सला रिलेंनी खचाखच भरलेली पॅनेलं नकोशी झाली होती. गाडीचं मॉडेल बदललं, की सगळं वायरिंग नव्याने. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर जो कंट्रोलर तयार केला तो मॉडिकॉन ०८४, १९६९ सालचा. पण तो प्रोग्राम करायचा कसा? कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनना कॉम्प्युटरची भाषा शिकवत बसण्यापेक्षा कॉम्प्युटरलाच त्यांची भाषा दिली गेली. ते रोज वाचत असलेल्या रिले डायग्रामसारखीच शिडीची आकृती स्क्रीनवर. तीच लॅडर लॉजिक. अर्धं शतक उलटून गेलं तरी ती चालू आहे. आपल्याकडे दर सेमिस्टरला नवीन लँग्वेज शिका म्हणतात आणि इथे ही जुनी शिडी अजून हलायला तयार नाही! कारण ती ज्याच्या हातात द्यायची, त्याच्याच डोक्यातून आलेली आहे.

मी काकांना आणि इतर तिघा-चौघांना सोबत घेऊन नवी यादी केली. बावीसची अकरा बटणं झाली. 'माल यायचाय.' 'इन्सर्ट यायचाय.' 'क्यूसीचा ओके यायचाय.' 'सेटिंग चालू.' 'लाइट गेली.' आणि काकांच्या खास आग्रहाने, 'सही व्हायची आहे.' या शेवटच्या बटणावर गाइड सर बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "असू दे. बघू काय येतंय."

मराठी टाकताना एक नाट्य झालंच. टेस्ट सर्व्हरवर यादी भरली आणि स्क्रीनवर नुसती प्रश्नचिन्हं! देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण कंपनीच्या जुन्या टेबलातला कॉलम व्हारचार होता. तो एनव्हारचार केला आणि प्रश्नचिन्हांची अक्षरं झाली. लॅबमध्ये या दोन शब्दांतला फरक दोन मार्कांसाठी पाठ केला होता, त्याचा उपयोग असा झाला.

शेवटचे दोन आठवडे नवी यादी चालली. 'इतर' पहिल्या नंबरावरून पार तळाला गेलं. वर कोण आलं असेल? 'सही व्हायची आहे.' त्यातही दुसऱ्या पाळीत जास्त, कारण तेव्हा सही करणारा माणूस एक आणि शॉप दोन. उपाय निघाला तो अगदीच साधा. प्रत्येक ओळीला इन्सर्टचा एक छोटा बॉक्स द्यायचा, घेतला की वहीत लिहायचं, सही दुसऱ्या दिवशी एकदम. यात सॉफ्टवेअर शून्य!

शेवटच्या दिवशी माझं प्रेझेंटेशन होतं. प्लँट हेड खूश झाले. म्हणाले, "छान. आता हाच रिपोर्ट ऑपरेटरवाइज दाखव. कोणाच्या मशीनवर सगळ्यात जास्त वेळ जातो ते कळेल." मागितलं त्यात चुकीचं काही नव्हतं. पाळी सुरू होताना प्रत्येक जण टोकन नंबर टाकतो, तो कॉलम टेबलात होताच. एका ग्रुप बायचं काम. ती ओळ माझ्या डोक्यात लिहूनही झाली होती. आणि डोळ्यांसमोर आला तो खाली बघणारा मुलगा.

मी म्हटलं, "सर, तो रिपोर्ट निघेल. पण पहिल्यांदा निघाला की दुसऱ्या दिवसापासून सगळे पुन्हा 'इतर' दाबतील. मशीन किती थांबलं ते दिव्यावरून कळतं, पण का थांबलं ते फक्त माणूस सांगतो. तो सांगतोय तोवरच हा रिपोर्ट खरा आहे." आवाज जरा कापत होता. गाइड सर लॅपटॉपकडे बघत राहिले. प्लँट हेड क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "ठीक आहे. सध्या मशीनवाइजच ठेवा." त्या 'सध्या'वर माझी इंटर्नशिप संपली.

ज्युनियर्सना एकच सांगणं. आपण स्क्रीन बनवतो तेव्हा पलीकडचा माणूस आपल्याला 'युजर' म्हणून माहीत असतो. पण त्या टेबलात त्याचा पगार असतो, कंत्राट असतं, शेजारी डबा खाणाऱ्याशी असलेली मैत्री असते. ईआर डायग्राममध्ये यातलं काहीही काढता येत नाही, म्हणून कोड लिहिण्याआधी चार दिवस त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसा. बूट मापाचे मिळाले नाहीत तरी चालेल.

आणि हो, 'इतर' हे बटण मी काढून टाकलेलं नाही. सरांनी सुचवलं होतं, की पर्यायच काढला तर प्रश्नच मिटला. पण मग लोक शेजारचं बटण दाबतील आणि रिपोर्ट दिसायला सुंदर, आतून खोटा होईल. म्हणून ते यादीत सगळ्यात खाली ठेवलं आणि जाताना सरांना एक कागद लिहून दिला. ज्या महिन्यात 'इतर' पुन्हा वाढायला लागेल, त्या महिन्यात मशीन तपासू नका. शॉपमध्ये जाऊन लोकांशी बोला.