सायकलवरची थंडी आणि घरातले कपडे

डिसेंबर लागला की आमच्या सकाळच्या सत्राच्या हजेरीपटावर मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. निफाड तालुक्याची थंडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५-६ अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या आपण वाचतो. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. त्याच वेळी ३-४ किलोमीटरवरच्या वस्त्यांवरून आठवी-नववीच्या मुली सायकलवर निघतात. जानेवारीत इथे सूर्य सातनंतर उगवतो आणि आमची घंटा सव्वासातला होते.

घरी चौकशी केली की उत्तर ठरलेलं असतं. "बाजी, एवढ्या गारठ्यात पोरीला कसं पाठवू? थंडी ओसरली की येईल." बऱ्याच घरांत जाड स्वेटर एकच असतो आणि तो भावाच्या अंगावर असतो. दोन महिने घरी बसलेली मुलगी फेब्रुवारीत परत येतेच असं नाही, हे आम्ही पाहिलं आहे. तोवर अभ्यास मागे पडतो आणि घरकामाला तिच्या हाताची सवय होते. म्हणून कपड्यांचा हा विषय आम्हाला किरकोळ वाटत नाही.

सायकलवरची थंडी ही मुळात वाऱ्याची थंडी आहे. हवा ८ अंश असेल आणि सायकल ताशी १५ किलोमीटरने चालली, तर उघड्या कातडीला ती सुमारे ५ अंशांसारखी झोंबते. विणलेला स्वेटर कितीही जाड असला तरी त्याच्या छिद्रांतून वारा आत शिरतो. दुसरीकडे, पेडल मारून दहा मिनिटांत घाम येतो. सुती बनियन तो घाम धरून ठेवतं, अंगाला चिकटतं आणि शाळेत पोहोचल्यावर हुडहुडी भरते. म्हणून एका जाड कपड्याऐवजी तीन पातळ कपडे बरे.

अंगालगत लवकर वाळणारा पॉलिस्टरचा टी-शर्ट, त्यावर गणवेश आणि बिनबाह्यांचा लोकरीचा स्वेटर, सर्वांत वर पातळ विंडचीटर. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब देते. छाती-पोट उबदार राहिलं की हातापायांनाही त्याचा फायदा होतो. विंडचीटर नसेल तर पावसाळ्यातल्या रेनकोटचं जाकीट चालतं, फक्त घाम कोंडू नये म्हणून गळ्याशी थोडं उघडं ठेवावं. तेही नसेल तर स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवावी. युरोपातले शर्यतीचे सायकलपटू डोंगर उतरताना हीच युक्ती करत आले आहेत.

घरातून निघताना किंचित थंडी वाजली तर ते ठीकच समजावं. दारातच ऊब वाटली तर वाटेत घाम येणार हे नक्की. दुपारी सुट्टी होते तेव्हा ऊन चटका देतं. पातळ कपडे एकेक करून उतरवता येतात आणि दप्तरात मावतात. जाड कोट मात्र कॅरिअरला बांधावा लागतो.

कानांवर कानटोपी आणि तिच्यावर स्कार्फ घातला की दोन्ही कामं होतात, पण गाठ मागे घट्ट असावी आणि मान वळवून मागचं वाहन दिसायला हवं. दुपट्ट्याची आणि मफलरची टोकं विंडचीटरच्या आत खोचावीत. अबाया घालत असेल तर चेनवर कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवीच, कारण कापड चाकात अडकून होणारा अपघात थंडीपेक्षा वाईट. हातमोजे असे असावेत की ब्रेक नीट दाबता येईल. चपलेऐवजी मोजे आणि बूट घालावेत, पण बूट इतके घट्ट नकोत की बोटं आखडतील. अंधारात निघणाऱ्या मुलीचा वरचा कपडा फिकट रंगाचा असावा.

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर जाड स्वेटरपेक्षा विंडचीटर आणि हातमोजे आधी घ्या. एक माप मोठं घेतलं तर आत कपडे मावतात आणि पुढच्या हिवाळ्यालाही चालतं. तो पावसाच्या सरीत कामी येतो, अब्बूंना पहाटे बाजारात जाताना घालता येतो.

आणि एक विनंती. स्वेटर एकच असेल तर तो आधी कोणाला द्यायचा, हे घरात बसून ठरवा. ज्याला लांब जायचं आहे आणि जो लवकर निघतो, त्याचा हक्क पहिला. अनेक घरांत हा हिशेब प्रामाणिकपणे केला तर तो स्वेटर मुलीकडे जाईल.