रिटायरमेंट मानवलेली दिसतेय!

लग्नाकार्यात कुणी ना कुणी माझ्या गालांकडे बघून म्हणतंच, "काय, रिटायरमेंट मानवलेली दिसतेय!" मी हसतो. गालांवरची लाली पॉलिसायथेमिया व्हेराची आहे, हे भर पंगतीत कसं सांगणार? सांगितलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कॅन्सर? मग केस कसे शाबूत?"

हिमोग्लोबिन पहिल्यांदा 19.6 आलं तेव्हा आई चक्क खूश झाली. तिची हयात आम्हा सगळ्यांचं रक्त वाढवण्यात गेलेली. लोखंडी कढईतली पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, खजूर, बीट. आमच्या घरात रक्ताबद्दल तक्रार एकच, कमी आहे. ते जास्त होऊन माणूस आजारी पडतो, हे तिच्या गळी उतरेना.

एरवी मूत्रपिंडाकडून हॉर्मोनचा निरोप येतो तेव्हा हाडांतली मज्जा त्या बेताने तांबड्या पेशी बनवते. माझ्या मज्जेतल्या एका पेशीत जॅक-2 नावाचं जनुक बिघडलं आणि ती, तिच्या सगळ्या पिलावळीसकट, निरोपाविनाच कामाला लागली. सोसायटीची टाकी वाहतेय आणि मोटर चालूच, तशातली गत. पॅरिसच्या डॉक्टर वाकेझने हा आजार 1892 मध्ये नोंदवला. हा बिघाड सापडायला 2005 उजाडलं. तो जन्मजात नसतो, हे मात्र मी आईला दोनदा सांगितलं.

खरं तर दिवाळीतच कळायला हवं होतं. तेल, उटणं, कढत पाणी, सगळं साग्रसंगीत झालं; आणि अंग पुसून बाहेर येतो तो सर्वांगात सुया. खाजवून जीव नकोसा, पण कातडीवर पुरळ म्हणाल तर एक नाही. साबण बदलले, मलमं झाली, बोअरच्या पाण्याला शिव्या घातल्या. दोन वर्षं आंघोळीची धास्ती घेतली. या आजारात पाणी लागलं की अशी खाज सुटते, हे कळल्यावर आधी हायसं वाटलं, मग कॅन्सर आठवला.

दाट रक्ताची गुठळी होण्याचं भय असतं, म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा शेकडा वाटा, 45 च्या आत. तो चढला की रक्तपेढीत जाऊन 350 मिली काढून घ्यायचं. गेल्या खेपेला शेजारच्या खाटेवर कॉलेजातला एक पोरगा रक्तदान करत होता. सुई तसलीच, पिशवी तसलीच. सिस्टर म्हणाल्या, "काका, मूठ उघडझाप करा." मी करत राहिलो. माझं कसलं घाईत वाहतंय? त्याची पिशवी भरली, बिस्किटं खाऊन प्रमाणपत्र घेऊन तो गेलासुद्धा. माझी पिशवी फेकायची. बिस्किटं मात्र मलाही मिळाली.

सारखं रक्त काढून अंगातलं लोह उतरतं. जिना चढताना धाप लागते. तरी डॉक्टर लोहाची गोळी देत नाहीत. ती दिली तर मज्जेला पुन्हा कच्चा माल मिळायचा. परवाचा रिपोर्ट आईने भिंग लावून वाचला. हिमॅटोक्रिट 44 वर तिची नजर थांबली नाही. खालच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "बघ, लोह कमी निघालंच ना शेवटी!"

आणि गुळाचा डबा काढायला उठली.